‘व्हाय’ न म्हणता कारण विचारताना : तुमचे अनुभव

शाळेत इंग्रजीतून कारण विचारायला ‘व्हाय’ एवढंच शिकलो. बोलायला लागल्यावर ‘हाउ कम’, ‘व्हॉट फॉर’, ‘हाउ सो’ कानावर आले. तुम्ही ते कसे शिकलात, कुठे अडलात, लिहा. सुरुवात मी करते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एक सहकारी बैठकीला आली नाही. मी काळजीनं विचारलं, ‘व्हाय डिडन्ट यू कम?’ तिचा चेहरा पडला आणि ती खुलासे देऊ लागली. थोड्या वेळानं दुसऱ्यानं विचारलं, ‘हाउ कम यू वेअरन्ट देअर?’ तर तिनं मोकळेपणानं सगळं सांगितलं. ‘का आली नाहीस?’ आणि ‘आली कशी नाहीस गं?’ यांत जे अंतर, तेच इथं होतं. सूर माझाही चुकला असेल, पण शब्दानं भर घातली.

*

मी वर्षभर ‘हाउ कम आर यू लेट’ म्हणत होतो, कुणी टोकलं नाही. बरोबर रूप ‘हाउ कम यू आर लेट’. ‘व्हाय’नंतर क्रियापद कर्त्याच्या आधी येतं, ‘हाउ कम’नंतर साधं विधान. ‘हे घडलं कसं, की...’ असा अर्थ मनात धरला की चूक होत नाही. आणि ही आजच्या मुलांची टूम नव्हे. बार्टलेट या कोशकाराच्या १८४८ च्या अमेरिकी शब्दकोशात तो प्रयोग नोंदलेला आहे.

*

शेजारचे आजोबा म्हणाले, उद्या तुझ्याकडे येतो. मी विचारलं, ‘व्हॉट फॉर?’ मला काम काय ते हवं होतं. त्यांना ऐकू आलं ‘कशाला?’ ते आलेच नाहीत. अजून वाईट वाटतं. ‘कशाला’सारखाच हा शब्द हेतू विचारतो, आणि तसाच टोचतोही.

*

माझ्या मार्गदर्शक बाई प्रत्येक विधानावर शांतपणे म्हणायच्या, ‘हाउ सो?’ म्हणजे ‘ते कसं काय?’ माझ्या वागण्याचं नाही, म्हणण्याचं कारण त्या मागत. हा मला सगळ्यांत आवडतो.

*

‘व्हाय डोंट वी स्टार्ट?’ ऐकून मी उशिराची कारणं सांगत बसले. तो ‘चला, सुरू करू या’ असा प्रस्ताव होता!

*

कामाच्या पत्रात ‘हाउ कम’ चालेल का, असं मला विचारतात. ओळखीत चालतं. अनोळखी माणसाला मी ‘मे आय आस्क व्हाय’ लिहिते.