ट्रॅव्हिसचं दुसरं पत्रही वाचायला हवं

मेक्सिकन सैन्याने वेढलेल्या टेक्ससमधल्या अलामो किल्ल्यातून तिथला सेनानी ट्रॅव्हिस याने २४ फेब्रुवारी १८३६ ला कुमक मागणारं पत्र धाडलं, पण त्याला कुणी दाद दिली नाही, असं म्हटलं जातं. हे पूर्ण खरं नाही. आल्बर्ट मार्टिनने ते पत्र सुमारे ११० किलोमीटरवरच्या गोंझालेसला पोचवलं आणि १ मार्चच्या पहाटे तिथले ३२ जण वेढ्यातून आत शिरले. एवढीच कुमक आली, आणि तेही सगळे ६ मार्चला मारले गेले. गोलियाडहून तिथला टेक्सन सेनानी फॅनिन तीनशेच्या वर माणसं आणि चार तोफा घेऊन निघाला खरा, पण गाव सोडताच गाड्या मोडल्या, तोफा नदीपार न्यायला बैल अपुरे पडले, शिधाही जवळजवळ नव्हता. तो परत फिरला. इच्छा असून गाडे-बैल नसले की कुमक अशी अडते.

दुसरं म्हणजे, चर्चा नेहमी त्या एकाच पत्राभोवती फिरते. त्याच्या ताज्या कलमात ८०-९० बुशेल (धान्याचं माप) मका आणि २०-३० गुरं मिळाल्याची नोंद आहे. मक्याचे दाणे धरले तर दोन टनांच्या वर. दीडशे माणसांना काही आठवडे सहज पुरावेत. म्हणजे अडचण उपासमारीची नव्हती. खरी अडचण कळते ट्रॅव्हिसच्या ३ मार्चच्या पत्रातल्या मागणीतून: तोफांची किमान ५०० पौंड दारू, ६, ९, १२ आणि १८ पौंडी गोळ्यांचे २०० बार, रायफलच्या दारूची १० पिंपं आणि शिसं. माझ्या मते सेनानी म्हणून ट्रॅव्हिस या यादीतच जास्त नीट दिसतो.