बैलाच्या खांद्याची जखम भरेना, टॉवरमुळं असेल का?

नमस्कार मंडळी. गाव बेळगावच्या खानापूर तालुक्यात. आमच्या खिलारी बैलाचा खांदा जू घासून फुटलाय, दीड महिना झाला. खपली धरते, चार दिवसांनी परत ओली. हळद-तेल झालं, दवाखान्यातला स्प्रे झाला. एकदा आसडीपण (जखमेतल्या अळ्या) पडली होती. टर्पेंटाईनचा बोळा ठेवून चिमट्यानं एकेक काढली.

गोठ्यापासून दीडशे पावलांवर दिवाळीनंतर मोबाईलचा टॉवर उभा राहिलाय. शेजारचे काका म्हणतात, त्याच्या लहरींनी जखमा भरत नाहीत, उंदरांवर प्रयोग झालेत. टॉवर हलवा म्हणून पंचायतीला अर्ज द्यायचाय, कन्नडातून लिहून तयार आहे. त्यात आमच्या बैलाचा दाखला घातलाय आणि माझी सही मागताहेत. करू का? उद्या खोटं पडायला नको.

प्रतिसाद:
प्रयोग झालेत हे खरं. पण तिथं उंदीर पिंजऱ्यात, अँटेना जवळ, आणि मोबाईलच्या ९०० मेगाहर्ट्झ किंवा वायफायच्या २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी रोज ठरलेले तास. पाठीवर मुद्दाम केलेली जखम किती दिवसांत मिटते ते बघतात. निकालही सगळे एका बाजूचे नाहीत. टॉवरचं गणित निराळं. अंतर दुप्पट झालं की जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. शिवाय सप्टेंबर २०१२ मध्ये आपल्याकडची टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली, ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरला ०.४५ वॅट. तरी शंका असली तर दूरसंचार खात्याच्या तरंग संचार पोर्टलवर पैसे भरून मोजणी मागता येते. बैल पुढं करून अर्ज कशाला?

एक विचारू? या दीड महिन्यात जू किती दिवस बंद होतं?

धागाकर्ता:
खरं सांगायचं तर पाच दिवस. उसाची पाळी आली, तोडणीची टोळी दारात उभी, मग जुवाखाली गोणपाट घालून जुंपला. तुमचं वाचून आत्ता ते गोणपाट बघितलं. रक्त-पू वाळून पत्र्यासारखं कडक झालंय, कडेला खांद्याचे केस चिकटलेले.

सही केली नाही, काका फुगलेत. सकाळी जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या १९६२ नंबरला फोन लावतो. राहिलेल्या खेपांना ट्रॅक्टर सांगितलाय, भाडं जाईल तर जाऊ दे. खपली धरल्यावर जू परत कधी ठेवायचं, नवीन केस फुटेपर्यंत थांबायचं का? कुणी अनुभवानं सांगा.