मदत हवी आहे: गावाच्या विकास आराखड्यात पावसाळ्यातली भूक कशी मांडायची?

नमस्कार मंडळी,

मी पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे, पहिलीच टर्म. पुढच्या दिवसांत आमच्याकडे कार्यक्रमांची रांग आहे. ९ ऑगस्टला आदिवासी दिन आणि त्याच सुमारास रानभाजी महोत्सव, मग सप्टेंबरभर पोषण महिना, २ ऑक्टोबरची ग्रामसभा, आणि १६ ऑक्टोबरला जागतिक अन्न दिन. दरवर्षी हे सगळं सुटंसुटं होतं. भाज्या मांडतात, फोटो काढतात, पोषणाची रांगोळी घालतात, आणि ग्रामसभेत पुन्हा गटार, पेव्हर ब्लॉक, कुंपण. यंदा आधीच्या कार्यक्रमांतून निघालेल्या मागण्या २ ऑक्टोबरला आराखड्यात लिहूनच घ्यायच्या, असं मी आणि आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी ठरवलंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

आधी आमच्याकडची परिस्थिती सांगते. भात, नागली (नाचणी), वरई घरात येते ती दिवाळीच्या आसपास. त्यानंतर बरीच घरं वीटभट्टीवर जातात, भिवंडी-वसईकडे, आणि पावसाच्या तोंडावर परततात. आषाढ लागला की कणगीचा तळ दिसायला लागतो. नेमकी तेव्हाच लावणी, म्हणजे अंगमेहनत सगळ्यात जास्त. रेशन मोफत मिळतं, प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, अंत्योदयला घरटी ३५ किलो, आणि त्याचा फार मोठा आधार आहे. पण त्याने भाताचं भागतं. डाळ, तेल, अंडं विकत घ्यायला त्या दिवसांत हातात पैसा नसतो. वावर-वांगणी गावांतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंमुळे १९९२-९३ साली आमच्या तालुक्याचं नाव राज्यभर झालं. तेव्हापासून योजना पुष्कळ आल्या, त्यांचा उपयोगही झाला. तरी आषाढ-श्रावणात अंगणवाडीच्या काट्यावर मुलांची वजनं खाली येताना मी स्वतः पाहते.

अमृत आहार योजनेचंच बघा. २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण गरम जेवण मिळतं. आमच्या एका पाड्यावरून अंगणवाडीत यायला ओहोळ ओलांडावा लागतो. पाऊस लागला की पाणी कमरेइतकं होतं, आणि सातव्या-आठव्या महिन्यातली बाई येणार कशी? तिचं जेवण शिजतं, पण तिच्यापर्यंत पोचत नाही. तिथे साकव, म्हणजे छोटा पूल, झाला तर तो माझ्या मते पोषणाचाच खर्च आहे. पण आराखड्यात तो 'पायाभूत सुविधा'मध्ये जातो आणि मुख्य रस्त्याच्या मागे पडतो. ग्रामपंचायतीचा आराखडा ज्यांवर बेतायचा त्या शाश्वत विकासाच्या ज्या नऊ संकल्पना आहेत, त्यातल्या 'आरोग्यदायी गाव'खाली असं काम दाखवता येतं का? कुणी दाखवलंय का?

दुसरा प्रश्न पैशाचा. आम्ही पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) आहोत, म्हणजे आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी ग्रामसभेचा पैसा सांभाळणाऱ्या ग्रामसभा कोष समितीकडे येतो. त्यातून परसबागांसाठी बियाणं, कुंपण आणि गावच्या नागली-वरईची बियाणे बँक असा प्रस्ताव ठेवायचाय. तो या निधीच्या आरोग्याच्या भागात बसेल की वनोपजीविकेच्या? की ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातल्या महिला-बालकल्याणाच्या १० टक्क्यांतून करावा? आमचं स्वउत्पन्न इतकं थोडं आहे की त्यात दोन पाड्यांचंही भागणार नाही. अकोले तालुक्यातल्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांचं गावरान बियाणं जपण्याचं काम ऐकून-वाचून माहीत आहे. पण बियाणे बँकेचा रोजचा व्यवहार कसा ठेवतात, म्हणजे एक शेर नेलं तर परत किती घ्यायचं, पीक बुडालं तर काय, हे कुणी स्वतः चालवलं असेल तर सविस्तर लिहा.

रानभाजी महोत्सवाबद्दल एक खटकतं. तो ऑगस्टमध्ये होतो, तोवर शेवळी ही रानभाजी संपलेली असते. ती येते पहिल्या पावसाच्या आगेमागे. सोलून आतला पिवळा भाग काढायचा, काकडं (काकडाच्या झाडाची आंबट फळं) घालून शिजवायची, नाहीतर घशाला खाज सुटते. हे आमच्या आज्यांना येतं, माझ्या वयाच्या निम्म्या बायकांना येत नाही. टाकळाही ऑगस्टपर्यंत निबर होतो. पुढच्या वर्षीपासून जूनमध्ये पाड्यावरच एक छोटा कार्यक्रम घ्यावा का? रानभाज्यांवर सगळ्यात कठीण दिवस निघतात ते त्याच वेळी. प्रदर्शनात आज्यांना नुसतं टोपलीमागे बसवतात आणि माईकवर दुसरेच बोलतात. आज्यांनी रांधून दाखवावं आणि त्याची मजुरी त्यांना मिळावी, असा माझा आग्रह आहे.

आणि महिला सभा. कायद्याने ती ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते, पण आमच्याकडे बऱ्याचदा वहीवर सह्या होतात आणि सभा झाली असं धरतात. या वेळी ती लावणी उरकल्यावर, संध्याकाळी, पाड्यावरच भरवायची आहे. बाया आपसात भरभरून बोलतात, ग्रामसेवक समोर बसले की गप्प होतात. तुमच्याकडे हे कसं जमवलंत? घरात धान्य नाही, हे चारचौघांत सांगणं सोपं नसतं, त्यामुळे घरटी न विचारता गावाचा अंदाज कसा काढायचा, हेही कळलं तर बरं होईल.

मंजूर झालेल्या ठरावाची प्रत कुणाकडे असेल तर नावं-गावं झाकून इथे टाका. ठरावाची भाषा नेमकी नसली की 'तरतूद नाही' असा शेरा येतो, हे मागच्या वेळी पाहिलंय. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मिळाली तर महिला सभेत वाचून दाखवता येईल.