लिनक्सवर आतला मोडेम चालवायचा हट्ट सोडा, बाहेरचा घ्या

सेलूचा_डीटीपीवाला | 9 जून 2007, रात्री 11:10

आज मशीनमधलं मोडेम कार्ड (फोनच्या वायरीवरून नेट जोडणारं) काढून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि बाहेरचा सीरियल मोडेम लावला. जीव भांड्यात पडला, म्हणून लिहितोय. लिनक्स वापरायचं असेल तर पीसीआयच्या, म्हणजे संगणकाच्या बोर्डावरच्या, खाचेतला मोडेम चालवायच्या भानगडीत पडू नका. चालतो, पण परवडत नाही.

सेलूत माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. दिवाळीत उबंटू (लिनक्सचाच एक अवतार) टाकलं, सीडी पोस्टानं फुकट आली होती. आवाज लागला, प्रिंटर लागला, नेट काही लागेना. चौकशी केली तेव्हा कळलं की हा मोडेम नाहीच. फोनची वायर खोचायला खाच, एक-दोन चिप, बाकी ठणठणगोपाळ. आकड्यांचा आवाज आणि आवाजाचे आकडे करायचं सगळं काम संगणकाच्या प्रोसेसरनं करायचं, आणि ते कसं करायचं हे फक्त विंडोजच्या ड्रायव्हरला ठाऊक. कार्ड साडेतीनशेत का मिळालं होतं ते तेव्हा उमगलं.

ड्रायव्हर नेटवर आहे, आणि ड्रायव्हरशिवाय नेट नाही. मग पेनड्राइव्ह खिशात टाकून पॅसेंजरनं परभणी, कॅफेत अर्धा तास, परत सेलू. पहिल्या खेपेला आणलेला ड्रायव्हर माझ्या कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) निघाला नाही, आवृत्तीचे शेवटचे दोन आकडे वेगळे. दुसऱ्या खेपेला सोर्स (ड्रायव्हरचा मूळ कोड) आणला, तर तो बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली, म्हणजे हेडर्स, नाहीत. तिसऱ्या खेपेला तेही आणले, आणि रात्री लाइट आल्यावर एकदाची मोडेमची ती घरघर ऐकू आली. बायको आतून म्हणाली, "लागला का हो?" लागला, पण 14.4 वर (सेकंदाला 14.4 किलोबिट). फुकटच्या ड्रायव्हरला वेग तेवढाच. 56 पाहिजे तर वीस डॉलर भरा, तेही क्रेडिट कार्डानं. आमच्या गल्लीत क्रेडिट कार्ड कुणी बघितलंय? एक एमबी उतरायला नऊ-दहा मिनिटं, आणि तिकडं टेलिफोनचं मीटर पळतंय. वर कर्नलचं अपडेट आलं की मोडेम पुन्हा मुका. (चिपचं नाव घेत नाही. ज्यानं भोगलंय त्याला 14.4 वरून कळेल.)

बाहेरचा मोडेम नऊ पिनच्या पोर्टात खोचला, डब्ल्यूव्हीडायल-कॉन्फ (नंबर फिरवणाऱ्या डब्ल्यूव्हीडायल प्रोग्रामची जुळणी करणारी कमांड) चालवलं, त्यानं स्वतःच टीटीवायएस-शून्यावर, म्हणजे पहिल्या सीरियल पोर्टावर, मोडेम शोधला. नंबर, नाव, पासवर्ड लिहिला. सात मिनिटं.

गोलाईचा_मास्तर | 10 जून, सकाळी 6:50

साहेब, परभणीच्या तीन चकरा झाल्या त्याचं खापर मोडेमवर कशाला? निघायच्या आधी एलएसपीसीआय (कार्ड कुठलं ते सांगते) आणि युनेम-आर (कर्नलची आवृत्ती सांगते) या दोन कमांडींचं उत्तर कागदावर उतरवून न्यायचं होतं. एका चकरेत काम झालं असतं.

इथं ज्याला त्याला "बाहेरचा घ्या" म्हणू लालेत. घ्या म्हणणं सोपं आहे. आमच्या शाळेला सहा जुनी मशीनं दान आली, सगळ्यांत आतली कार्डं. बाहेरच्या मोडेमला लातुरात सतराशे सांगितले. शाळेत खडूच्या पेटीचा हिशेब द्यावा लागतो, तिथं सतराशेचं व्हाउचर कोण पास करणार?

आमच्या कार्डावर स्मार्टलिंकची चिप होती. तिचा एसएल-मोडेम नावाचा ड्रायव्हर आहे, वेगाला लगाम नाही. दोन संध्याकाळी गेल्या. पहिली संध्याकाळ "नो डायलटोन" वाचण्यात गेली. आपल्याकडची डायल टोन परदेशासारखी नसते, म्हणून डिमनला (ड्रायव्हरचा मागं चालत राहणारा प्रोग्राम) सुरू करतानाच देशाचं नाव द्यायचं, आणि तरी ऐकलं नाही तर एटीएक्स-3 द्यायचं, म्हणजे तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. दुसरी संध्याकाळ डब्ल्यूव्हीडायलच्या फाइलीत "कॅरियर चेक = नो" ही एक ओळ सापडेपर्यंत गेली. आणि हो, "स्टुपिड मोड = येस" लिहिल्याशिवाय आमची लाइन लॉगिनच्या पुढं सरकेना. पोरं तेवढ्या एका ओळीवर हसून हसून लोळली.

आज त्या एका कार्डावर सहा मशीनं नेटवर जातात. एकाला मोडेम, बाकी पाच हबवरून (मशीनं एकमेकांना जोडणारी पेटी) त्याच्यातून. विंडोजच्या काळात हे आम्हाला सुचलंसुद्धा नव्हतं.

सोल्डरवाला_नांदेड | 10 जून, दुपारी 1:25

मी दुरुस्तीच्या टेबलावरून बोलतो. मृग लागला. आता पुढचे पंधरा दिवस माझ्याकडं रोज दोन-तीन मोडेम येणार. कडाडलं की फोनच्या वायरीवरून करंट आत शिरतो. बाहेरचा मोडेम असेल तर बहुतेक वेळा तो एकटा मरतो. आतलं कार्ड असेल तर कधी कधी बोर्ड घेऊन मरतं. मागच्या आठवड्यात वसमतकडचं एक मशीन आलं. कार्डावर फोनच्या खाचेजवळचा बारका ट्रान्सफॉर्मर फुटलेला, भोवती पैशाएवढा काळा डाग, आणि शेजारच्या खाचेतलं लॅन कार्डही गेलेलं. वास अजून टेबलाला आहे.

तेव्हा माझं मत सेलूकरांच्या बाजूनं. मास्तर, तुमच्या शाळेत ढग दिसले की फोनची वायर भिंतीतून उपटायला एक पोरगं नेमा.

गोलाईचा_मास्तर | 10 जून, दुपारी 2:05

नेमलंय. सातवी ब.

पैठणगेट | 10 जून, रात्री 9:40

दोघंही आतला की बाहेरचा यावर भांडताय. प्रश्न तो नाहीच.

प्रश्न कार्डावर स्वतःचा कंट्रोलर (कमांडी समजून घेणारा) आणि सिग्नल प्रोसेसर (आवाजाचे आकडे करणारा) आहे की नाही, हा आहे. असेल तर मोडेम पेटीत असो नाहीतर खाचेत, लिनक्सला तो साधा सीरियल पोर्ट दिसतो आणि एटी कमांडींना (मोडेमला द्यायच्या हुकमांना) उत्तर देतो. यूएस रोबॉटिक्सचं 5610 हे पीसीआय कार्ड तसं आहे. जुन्या आयएसए (पीसीआयच्या आधीच्या खाचेतल्या) कार्डांपैकीही बरीच, जंपर (जोडणी बदलायची बारकी टोपी) असलेली, खरी मोडेम होती. उलट यूएसबीचे कित्येक बाहेरचे मोडेम आतून तितकेच पोकळ असतात. माझ्या मेव्हण्यानं "बाहेरचा चांगला" असं ऐकून यूएसबीचा आणला आणि दोन महिने ड्रायव्हर शोधतोय. सेलूकर, तुमचा सल्ला अर्धा वाचून लोक असंच करणार.

पोकळ कार्डांतही फरक आहे. ल्युसेंटच्या चिपला सिग्नलचं काम कार्डावरच होतं, फक्त कंट्रोलर नसतो, म्हणून प्रोसेसरवर ताण कमी. कोनेक्संटच्या एचएसएफ जातीत सगळंच प्रोसेसरवर. जुन्या मशीनवर एकीकडं गाणं लावलं आणि दुसरीकडं मोठी फाइल उघडली की लाइन गळते ती त्यामुळं.

आणि मास्तर, एसएल-मोडेम चालला याचा आनंद आहे, पण त्याच्या पोटातला मुख्य भाग बंद पेटीतलाच आहे, सोर्स मिळत नाही. असा भाग कर्नलमध्ये घुसला की कर्नल स्वतःवर "टेंटेड" असा शिक्का मारतो आणि पुढं काही बिघडलं तर कर्नलवाले तुमची तक्रार वाचत नाहीत. पोरांना लिनक्स शिकवताय तर हेही सांगा.

गोलाईचा_मास्तर | 10 जून, रात्री 10:30

सांगतो की. पण आधी नेट लागू दे, मग सोवळं. बंद पेटी म्हणून कार्ड फेकलं असतं तर सातवी ब ला लिनक्स फळ्यावर काढून दाखवावं लागलं असतं. तुमचं ते 5610 लातुरात कुठल्या दुकानात मिळतं ते सांगा, उद्या जाऊन येतो.

पैठणगेट | 10 जून, रात्री 10:42

लातुरात माहीत नाही. इथंही मागवावं लागतं, आणि किंमत बाहेरच्या मोडेमच्या वर जाते. मान्य.

एसटीस्टँड | 11 जून, सकाळी 8:15

इतकी चर्चा कशाला. सीडीएमए जातीचा मोबाइल घ्या, यूएसबी केबल लावा, लिनक्सला तो टीटीवाय-एसीएम-शून्य नावाचा मोडेम दिसतो, झालं. वीजही पडत नाही.

सोल्डरवाला_नांदेड | 11 जून, सकाळी 9:00

रेंज पडते.

सेलूचा_डीटीपीवाला | 11 जून, रात्री 10:20

पैठणगेटचं पटलं. शीर्षकात "बाहेरचा" लिहिलंय तिथं "नऊ पिनचा सीरियल" असं वाचा, यूएसबीचा नव्हे. आता बदलता येत नाही.

मास्तरांचं अर्धं पटलं. शाळेत मास्तर आहे, दोन संध्याकाळ घालवतो. दुकानात गिऱ्हाईक उभं असतं. तरी एक कबूल करतो, रागात लिहिताना राहून गेलं होतं. बारावीच्या निकालाच्या दिवशी तेच कार्ड होतं आणि तोच 14.4. दारात तीसेक पोरं, दोघांच्या आया. निकालाचं पान म्हणजे नुसती अक्षरं, चित्रं मी बंदच करून ठेवली होती. एकदा साइट उघडली की प्रत्येकाचा निकाल अर्ध्या मिनिटात येत होता. लाइन तीनदा तुटली, ती आमच्या वायरीमुळं, कार्डामुळं नाही. 56 असतं तर त्या दिवशी वेगळं काय झालं असतं, मला सांगता येत नाही.

पण महिन्याच्या टेलिफोन बिलावर सांगता येतं. म्हणून बाहेरचा.

गोलाईचा_मास्तर | 11 जून, रात्री 10:35

मग ते ड्रॉवरमधलं कार्ड फेकू नका. शेजारच्या गावच्या शाळेत फोन आहे, मशीन आहे, मोडेम नाही. तिथं ईमेलपुरतं 14.4 सुद्धा रग्गड. रविवारी परभणीला साडूकडं आहे, पुढं सेलूला येतो.

सेलूचा_डीटीपीवाला | 11 जून, रात्री 10:41

या. ड्रायव्हर आणि हेडर्स सीडीवर टाकून ठेवतो. युनेम-आर काय म्हणतं तेवढं तिथलं कागदावर उतरवून आणा.