रेशनकार्डावर एक घर, पेन्शनच्या फॉर्मात परके

सागरगोटा:

केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने 2024 मध्ये राज्यांना कळवलं, की एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबातले धरावं. त्याच सुमारास बँकांनाही सांगितलं गेलं, की अशा जोडप्याने संयुक्त खातं उघडायला किंवा जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. समलिंगी विवाहाला मान्यता नाकारणाऱ्या 17 ऑक्टोबर 2023 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर अशा जोडप्यांच्या हक्कांचा विचार करायला कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, त्यानंतरच्या या हालचाली. मला त्यांचं मोल आहे.

पण कर्मचाऱ्याच्या मागे घरच्यांना मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन, सरकारी आरोग्य योजनेतला अवलंबिताचा हक्क, अनुकंपा नियुक्ती हे सगळं अजून 'पती किंवा पत्नी' या रकान्यावर अडतं. बँकेतल्या नॉमिनेशनने खात्यातले पैसे मिळतात, पेन्शन मिळत नाही. म्हणजे शिधावाटप कार्यालयात जे दोघं एक घर आहेत, ते पेन्शन विभागात एकमेकांचे कुणीच नाहीत. माझं म्हणणं एवढंच: दोघांचं उत्पन्न एकत्र धरून सरकार त्यांचा लाभ कमी करणार असेल, तर त्याच दोघांना एकत्र धरून लाभ द्यायलाही ते बांधील आहे. लग्नाच्या कायद्याचं काय व्हायचं ते होवो, त्यासाठी हे अडवून ठेवू नये.

हिशेबनीस:

माझी बरीचशी नोकरी पेन्शनच्या केसेस तपासण्यात गेली, म्हणून लिहितो. मला कुणाच्या खाजगी आयुष्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण कुटुंब निवृत्तिवेतन म्हणजे एकदाच द्यायची रक्कम नव्हे. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या बाबतीत ते शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, किमान दरमहा 9,000 रुपये, आणि बहुधा हयातभर. एवढा बोजा कुणाच्या तरी नुसत्या सांगण्यावर कसा टाकायचा? एका खोलीत राहणारे दोन मित्रही उद्या जोडीदार म्हणून अर्ज करतील. त्यांना नाही म्हणायला माझ्या टेबलावरच्या माणसाकडे काय आहे?

आणि दुसरं. पती-पत्नी आणि पात्र मुलं नसतील, तर अवलंबून असलेल्या आईवडिलांचा नंबर लागतो. अविवाहित मुलगा गेला तर आज त्याच्या आईला पेन्शन मिळतं. जोडीदार आला की आई मागे पडली. ती म्हातारी दारात उभी राहिली तर तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? ज्या निकालाचा दाखला तुम्ही देता, त्यात लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. जे ठरवायचं ते संसदेने ठरवावं.

कोरांटी:

हिशेबनीसकाका, आईचा मुद्दा खरा आहे आणि तो मला टोचतो. पण मुलाने लग्न केलं की सुनेमुळेही आई मागे पडतेच. तेव्हा नियमाला तिची कणव येत नाही, आणि कुणी त्यासाठी सुनेचं पेन्शन बंद करा म्हणत नाही. आईची खरोखर काळजी असेल तर विभागणीचा नियम करा, सगळ्यांनाच लागू होईल असा. आमच्यापुरतीच आई आठवते, हे बरोबर नाही.

पुराव्याबद्दलही सांगते. कुटुंबाचा तपशील कर्मचारी स्वतःच फॉर्ममध्ये भरून देतो ना? आपल्याकडे कितीतरी लग्नं नोंदवलेलीच नसतात. ती चालतात ती याच भरलेल्या कागदावर, सेवापुस्तकातल्या नोंदीवर, एकत्र काढलेल्या फोटोवर. हेच कागद आम्ही दिले तर ते अचानक 'नुसतं सांगणं' कसं होतं?

आता ग्रॅच्युइटी घ्या. 1972 चा कायदा असो की त्याच्या जागी आलेली सामाजिक सुरक्षा संहिता, कुटुंब असताना बाहेरच्या माणसाच्या नावे केलेलं नामनिर्देशन रद्दबातल. अवलंबून असलेले आईवडील कुटुंबात येतात, जोडीदार येत नाही. म्हणजे जी मुलगी म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळते, तिला आपल्या जोडीदारणीचं नाव लिहिता येत नाही. जिच्यामागे कुणीच नाही, तिला येतं. माझ्या जोडीदारणीचा फॉर्म तिच्या ऑफिसने याच कारणाने परत केला. तिची इच्छा अर्धा वाटा आईला, अर्धा मला अशी होती. तिच्या स्वतःच्या घामाचा पैसा आहे तो.

आणि सागरगोटा, तुमचा मुद्दा मी आणखी पुढे नेते. लाडकी बहीण योजनेत दरमहा 1,500 रुपये मिळतात, पण अविवाहित महिला असतील तर कुटुंबातल्या एकीलाच. आम्ही दोघी कायद्याने अविवाहित. एका रेशनकार्डावर आलो तर आम्ही एक कुटुंब, मग एकीचं नाव जाणार का? त्या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं, त्या व्याख्येने तर आम्ही कुटुंबच नाही. मी विचारलं तेव्हा कुणालाच नीट सांगता आलं नाही. शिधापत्रिकेचंही तेच. प्राधान्य कुटुंबासाठी शहरात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000. दोघींचे 40-40 हजार वेगवेगळे बसतात, एकत्र बसत नाहीत. दोघींची अंत्योदय कार्डं असती, तर 35 आणि 35 किलोंऐवजी एकच 35 किलो. हे माहीत असलेल्या गरीब जोडप्याने कार्ड एकत्र का करावं?

वाटसरू:

कोरांटी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून. अमेरिकेत याचा अनुभव येऊन गेलाय. तिथे वृद्ध आणि अपंग गरिबांना मिळणारं एसएसआय 2025 मध्ये एकट्याला दरमहा 967 डॉलर, तर जोडप्याला मिळून 1,450. 2013 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहांना केंद्राच्या पातळीवर मान्यता दिली, पण हे पैसे देणाऱ्या सरकारी खात्याने अनेकांना पूर्वीच्याच एकट्याच्या दराने देणं चालू ठेवलं. मग काही काळाने जादा दिलेले पैसे परत मागितले, तेही अपंग आणि म्हाताऱ्या माणसांकडून. खटला झाला तेव्हा कुठे ती वसुली आवरली.

उलट बाजूही आहे. जोडीदाराच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनसाठी तिथे साधारणपणे लग्नाला नऊ महिने झालेले असावे लागतात. कायद्याने लग्नच करू दिलं नाही आणि परवानगी मिळाल्यावर थोड्याच दिवसांत जोडीदार गेला, अशांना आधी नकार मिळाला. 2020 मध्ये न्यायालयांनी तो नकार चुकीचा ठरवला आणि 2021 मध्ये सरकारने अपिलं मागे घेतली. आपण कालमर्यादेचा नियम करणार असू, तर ही माणसं आधीच डोळ्यांसमोर हवीत.

पिंपळपान:

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. जोडीदार म्हणून मान्यता द्यायची की नाही, यावर सगळे भांडताहेत. पण लाभ कशासाठी असतो? एकाच्या कमाईवर दुसरं माणूस जगत होतं, ते उघड्यावर येऊ नये म्हणून. मग आयुष्यभर एकत्र राहिलेल्या दोन अविवाहित बहिणींनी काय पाप केलं? अवलंबित्व सिद्ध झालं की लाभ, मग नातं कोणतंही असो. शयनगृहात डोकावायची सरकारला गरजच पडू नये.

सागरगोटा:

पिंपळपान, ऐकायला छान आहे आणि शेवटी तिथेच जावं असं मलाही वाटतं. पण आज पत्नीला अवलंबित्व सिद्ध करावं लागत नाही. स्वतः कमावती असली तरी पतीचं कुटुंब निवृत्तिवेतन तिला मिळतं. फक्त समलिंगी जोडीदाराचीच मिळकत तपासायची म्हटलं, तर आपण नवी दुय्यम पायरी तयार करतो. सगळ्यांसाठी नियम बदलायला तयार असाल तर मी तुमच्यासोबत आहे. नसाल, तर जे पत्नीला आहे तेच द्या.

हिशेबनीसांना एक आठवण. नागरी भागीदारीला, म्हणजे लग्न न म्हणता नोंदवलेल्या सहजीवनाला, कायदेशीर दर्जा द्यावा की नाही, यावर निकाल तीन विरुद्ध दोन असा फुटला होता. आणि तो दर्जा नाकारणाऱ्या बहुमतानेही हे नोंदवलं, की भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, कुटुंब निवृत्तिवेतन असे लाभ नाकारल्याने या जोडप्यांवर अन्याय्य परिणाम होतो आणि समितीने त्याकडे पाहावं. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विलोकन अर्ज फेटाळले गेले, तरी ते शब्द पुसले गेले नाहीत. संसदेकडे बोट दाखवणं ठीक, पण नामनिर्देशनाचे कितीतरी नियम खात्यांनीच केलेले असतात. ते खातंच बदलू शकतं.

हिशेबनीस:

ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीबद्दल वाद घालत नाही. तो माणसाने कमावलेला पैसा, तो ज्याला द्यायचा त्याला द्यावा. आईला किती, जोडीदाराला किती, त्याने लिहावं. इथे कायदा बदलला तर मला आनंदच होईल.

कुटुंब निवृत्तिवेतनाबद्दल मात्र मी जागचा हललेलो नाही. सेवापुस्तकातल्या नोंदीला वजन येतं, कारण तिच्यामागे लग्नाचा कायदा उभा आहे. दुसऱ्या बायकोने दावा केला तर पहिली त्याच कायद्याच्या आधाराने लढते. घटस्फोट झाला तर नाव जातं. तुमच्या जोडप्यांचं नातं संपलं, हे कोण नोंदवणार? नोंद करायची सोय आहे, मोडायची नाही, अशा कागदावर मी कधीच सही केली नसती. आणि केली असती, तर उद्या दोन जोडीदार समोर आल्यावर त्यांच्यातल्या खऱ्यावरच अन्याय झाला असता.

कोरांटी:

हे तुम्ही बरोबर पकडलंत. यावर आमच्या लोकांमध्येही पुरेसं बोललं जात नाही. नोंदवही हवी, आणि तिच्यात बाहेर पडायचा रकानाही हवा. नात्यातल्या दुबळ्या बाजूला तर तोच जास्त हवा. दोघींच्या सहीची घोषणा, एका वेळी एकच जोडीदार, नातं संपलं तर ठरावीक मुदतीत कळवायचं, खोटी घोषणा केली तर वसुली आणि शिक्षा. मला हे सगळं मान्य आहे.

फक्त ती वही येईपर्यंतच्या काळाबद्दल माझी एक मागणी आहे. अन्न विभागाच्या पत्रानुसार जी जोडपी आज एका कार्डावर येतील, त्यांना इतर योजनांमध्ये त्यामुळे वगळू नका, हे राज्याने लेखी कळवावं. आणि मृतदेहाबद्दलचं 2024 चं आरोग्य मंत्रालयाचं पत्र बदलावं. त्यात जोडीदाराला ताबा मिळतो तो जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर. आमच्यातल्या अनेकांचे नातेवाईक जिवंतपणी फोन उचलत नाहीत, आणि त्या दिवशी मात्र हजर होतात. जिने अखेरपर्यंत शुश्रूषा केली, तिला तिथे बाजूला उभं करू नका. याला पैसा लागत नाही, हिशेबनीसकाका, आणि कायदाही बदलावा लागत नाही.