मदत हवी आहे: नऊ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी नव्या कादंबऱ्या सुचवाल का?

नमस्कार.

माझी भाची अकरा वर्षांची आहे आणि तिचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. दोघांनाही वाचनाची गोडी आहे, तरीही गेल्या काही महिन्यांत मी दिलेल्या पुस्तकांपैकी निम्म्याहून अधिक पुस्तके तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात खूण अडकवलेल्या अवस्थेत कपाटात परत गेली. दोष मुलांचा नसून माझ्या निवडीचा आहे, हे आता मान्य करायला हवे. या वयासाठी लिहिलेल्या आणि गेल्या पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांची नावे मला हवी आहेत. मूळ मराठी, मराठीत अनुवादित किंवा इंग्रजी, यांपैकी काहीही चालेल.

‘नव्या’ या शब्दावर मी मुद्दाम भर देत आहे. मुलांसाठी पुस्तके सुचवा म्हटले की आपण सगळेच आपल्या लहानपणीची कपाटे उघडून बसतो, आणि मीही तेच केले. ती पुस्तके कमअस्सल होती असे मुळीच नाही; परंतु त्यांतली मुले दिवसभर घराबाहेर असतात, निरोप द्यायचा तर चिठ्ठी लिहितात आणि हरवली तर खरोखरच हरवतात. एक रहस्यकथा ऐन रंगात आली असताना भाचीने मला विचारले, “मामा, यांनी आईला फोन का नाही केला?” तेव्हा घरोघरी फोन नव्हते, हे उत्तर तिला पटले, पण त्यानंतर त्या रहस्यात तिला रस उरला नाही. जुन्या पुस्तकांची यादी मला पाठ आहे आणि त्यांतली बरीच घरातही आहेत. आजचे लेखक आजच्या मुलांसाठी काय लिहीत आहेत, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

वयोगटाबद्दल थोडे स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे बालसाहित्य, कुमारसाहित्य आणि किशोरसाहित्य हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. इंग्रजी प्रकाशक ज्याला ‘मिडल ग्रेड’ म्हणतात तो साधारण ८ ते १२ वर्षांचा गट मला अभिप्रेत आहे. चित्रे पाहत पाच-दहा हजार शब्दांत संपणारी छोटी पुस्तके या मुलांनी मागे टाकलेली असतात, आणि त्यापुढच्या, पंधरा-सोळा वर्षांच्या नायक-नायिकांच्या कादंबऱ्यांमधले प्रेमसंबंध आणि हिंसा त्यांच्यासाठी अजून दूर असतात. या गटातली कादंबरी बहुधा तीस ते पन्नास हजार शब्दांची असते. मुले आपल्याहून थोड्या मोठ्या मुलांबद्दल वाचायला उत्सुक असल्यामुळे नायक अनेकदा बारा-तेरा वर्षांचा असतो. नववीतल्या मुलांची गोष्ट अकरा वर्षांच्या मुलीला द्यावी का, हे त्यामुळे केवळ पात्रांच्या वयावरून ठरत नाही. त्या गोष्टीतला पेच कोणत्या वयाचा आहे, हे पाहावे लागते. मलपृष्ठावर छापलेल्या वयोगटावरचा माझा विश्वास मात्र पार उडाला आहे. ‘वय ८ ते १४’ असे लिहिणाऱ्याने आठ वर्षांचे आणि चौदा वर्षांचे मूल शेजारी बसवून पाहिलेले नसावे.

पुरस्कारांच्या याद्या मी चाळल्या आहेत, त्यामुळे केवळ ‘पुरस्कारविजेती पुस्तके पाहा’ असे उत्तर कृपया देऊ नये. अमेरिकेतले न्यूबेरी पदक १९२२ सालापासून दरवर्षी दिले जाते आणि त्यासाठी चौदा वर्षांपर्यंतच्या वाचकांची पुस्तके विचारात घेतली जातात. त्या यादीतली काही पुस्तके अप्रतिम आहेत, पण काही वाचताना ती मुलांपेक्षा ग्रंथपालांना अधिक आवडली असावीत असे वाटते. ब्रिटनमधल्या कार्नेगी पदकाच्या यादीत किशोरवयीनांची पुस्तकेही मिसळलेली असतात. हान्स क्रिश्चन अँडरसन पुरस्कार लेखकाच्या एकूण कार्याचा गौरव करतो, त्यामुळे ‘नवे काय?’ या प्रश्नाला तिथे उत्तर मिळत नाही. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते. मराठीसाठी ती यादी मी पाहतोच, परंतु तिच्यात कविता, कथासंग्रह आणि कादंबरी एकत्र असल्याने वर्षाला एक कादंबरी मिळेलच असे नाही.

आता या दोघांविषयी. भाचीला कोडे आवडते, आणि ते कोडे मुलांनीच सोडवलेले तिला हवे असते. शेवटच्या प्रकरणात काका किंवा पोलीस अधिकारी येऊन सगळे निस्तरतो, अशी पुस्तके ती चिडून मिटते, आणि मला तिचे म्हणणे योग्य वाटते. या वयाच्या कादंबरीत निर्णय मुलाचा असावा, चूकही त्याचीच असावी आणि त्या चुकीची किंमतही त्यानेच मोजावी. मोठी माणसे गोष्टीत जरूर असावीत, त्यांची स्वतःची दुःखेही असावीत, पण त्यांनी प्रकरणाच्या शेवटी उपदेश करू नये. आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या सुरुवातीच्या कादंबऱ्या पर्यावरण, स्वच्छता किंवा मोबाइलचे दुष्परिणाम शिकवण्याच्या नादात शेवटी निबंध होतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

भाच्याची अडचण वेगळी आहे. त्याची समज उत्तम आहे, पण वाचनाचा वेग कमी असल्याने सलग मजकुराने भरलेले पान पाहूनच तो दबतो. त्याच्यासाठी चित्रकादंबऱ्या किंवा भरपूर रेखाटने असलेली पुस्तके सुचवावीत. ‘चित्रांचे पुस्तक म्हणजे खरे वाचन नव्हे’ हा वाद इथे नको. २०२० साली न्यूबेरी पदकही एका चित्रकादंबरीला मिळाले आहे. मुक्तछंदात लिहिलेल्या कादंबऱ्याही त्याला जमतील असे वाटते, कारण पानावर मोकळी जागा असते आणि ओळी लहान असतात. अशा कादंबऱ्यांना १९९८ आणि २०१५ साली ते पदक मिळाले. मराठीत या वयासाठी कोणी असे लिहिले असल्यास कृपया आवर्जून सांगावे.

अनुवाद सुचवताना भाषेबद्दल एखादे वाक्य लिहिल्यास फार मदत होईल. मूळ पुस्तक कितीही गाजलेले असो, अनुवादातली मुले ‘मी तुझा अत्यंत आभारी आहे’ असे एकमेकांना म्हणू लागली की पुस्तक तिथेच संपते. मालिका असेल, तर पहिला भाग स्वतंत्रपणे पुरा होतो की ऐन प्रसंगी तुटतो, हेही कळवावे.

सर्वांत महत्त्वाची विनंती अशी, की शक्यतो एखाद्या मुलाने वा मुलीने प्रत्यक्ष शेवटपर्यंत वाचलेले पुस्तकच सुचवावे आणि त्या वाचकाचे वय लिहावे. ते मध्येच सोडले असेल, तर कुठे सोडले हेही माझ्या उपयोगाचे आहे. परीक्षणांतून ‘संवेदनशील’, ‘तरल’ अशी विशेषणे भरपूर मिळतात, परंतु पान उलटावेसे वाटते का, हे त्यांतून समजत नाही.

भर: दोन प्रतिसादांमध्ये विचारलेल्या शंकांची उत्तरे इथेच देतो. दुःखद प्रसंग चालतील. आजोबांचे जाणे, आईवडिलांचे वेगळे होणे, जिवलग मैत्रीण तुटणे हे सगळे या वयाची मुले आजूबाजूला पाहतच असतात, फक्त पुस्तकाने त्यांना अंधारात एकटे सोडून निघून जाऊ नये. मुलांना स्वतःच निवडू द्यावे, हा सल्लाही मान्य आहे, आणि म्हणूनच आलेल्या नावांपैकी जी पुस्तके मिळतील त्यांचे पहिले प्रकरण दोघांना वाचायला देऊन पुढचा निर्णय त्यांच्यावर सोपवणार आहे. भाच्याला मात्र शेवटचे पान आधी वाचण्याची सवय आहे. सारे रहस्य त्याच पानावर उलगडत असेल तर तसे लिहावे, ते पुस्तक मी त्याच्या हाती न देता स्वतः वाचून दाखवीन.