चळवळीतल्या चित्रकाराची कागदपत्रे: घरगुती पत्रे वेगळी काढावीत का?

जुनीवही:
आयुष्यभर चळवळीची पोस्टरे आणि लाकडी ठशांची चित्रे करणाऱ्या एका दिवंगत चित्रकाराची कागदपत्रे लावून देण्याचे काम त्यांच्या मुलीने माझ्यावर सोपवले आहे. पत्रके, सभांच्या नोंदी, पोलिसांच्या नोटिसा अभिलेखागाराला द्याव्यात आणि आईवडिलांची पत्रे, औषधांची बिले, प्रगतिपुस्तके घरीच ठेवावीत, असा त्यांचा विचार आहे. अडचण अशी, की सभेचे पत्रक उलटावे तर पाठीवर घरखर्चाचा हिशोब निघतो. अशा कागदांची वाटणी कशी करावी?

तळटीप:
वाटणी करूच नये. जर्मन चित्रकर्ती कॅथे कोलवित्झ यांचे उदाहरण पाहा. जर्मन साम्यवादी नेते कार्ल लीबक्नेख्त यांची जानेवारी १९१९ मध्ये हत्या झाल्यावर त्यांच्या कुटुंबीयांच्या विनंतीवरून कोलवित्झ यांनी शवागारात त्यांची रेखाटने केली आणि पुढे त्यांतूनच ते प्रसिद्ध काष्ठठसाचित्र तयार झाले. नुसते चित्र पाहणारा त्यांना लीबक्नेख्त यांच्या पक्षाची मानून मोकळा होईल. आपण त्यांच्या राजकारणाच्या अनुयायी नाही, पण कामगारांनी त्यांना दिलेला निरोप चित्रित करण्याचा कलावंत म्हणून आपल्याला हक्क आहे, ही त्यांची भूमिका कळते ती खासगी रोजनिशीतून. त्यांच्या युद्धविरोधाचे मूळ शोधतानाही ऑक्टोबर १९१४ मध्ये रणांगणावर मारला गेलेला धाकटा मुलगा पेटर टाळता येत नाही. आता ही रोजनिशी ‘घरगुती’ म्हणायची की ‘राजकीय’? १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात त्यांचे बर्लिनमधले घर गेले आणि त्याबरोबर पुष्कळ पत्रे आणि छायाचित्रेही गेली. जे बाँब करतात ते आपण चाळणी लावून कशाला करावे?

कार्बनकॉपी:
तळटीप यांच्याशी सहमत आहे, पण एक भर घालतो. कागद ज्या क्रमाने सापडले, तो क्रम मोडू नका. पाकिटाला आधी क्रमांक द्या, आत काय आहे ते वहीत लिहा, मगच पाकीट रिकामे करा. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका, आणि पत्रक व हिशोब दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. अमेरिकन चित्रकार रॉकवेल केंट यांनी १९६९ मध्ये आपली कागदपत्रे ‘आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट’ या अभिलेखागाराकडे दिली. साम्यवादी नसल्याचे प्रतिज्ञापत्र देण्यास नकार दिल्यामुळे त्यांना पासपोर्ट मिळत नव्हता. तो लढा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. अशा माणसाच्या संग्रहात वकिलाचा पत्रव्यवहार एकीकडे आणि प्रवासाचे बेत आखणारी घरची पत्रे दुसरीकडे ठेवली, तर निकाल वाचता येईल. त्या निकालाची वाट पाहणारी माणसे मात्र दिसणार नाहीत.

सावधपान:
दोघांच्याही उत्साहाला थोडा आवर घालतो. संग्रहातली निम्मी पत्रे चित्रकाराने लिहिलेलीच नसतात, ती त्यांना आलेली असतात. भूमिगत असताना कुणाच्या घरी मुक्काम केला, कुणी पैसे दिले, कुणाचे लग्न मोडले, हे लिहिणाऱ्यांपैकी काही जण अजून हयात असतील आणि त्यांना कुणी विचारलेले नाही. कागद एकत्र ठेवणे आणि ते सगळ्यांना खुले करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देणगीच्या करारातच ठरावीक पत्रे अमुक वर्षांपर्यंत बंद राहतील, अशी अट घालता येते. शिवाय कागदाची मालकी आणि मजकुराचा स्वामित्वहक्क एक नव्हेत. पत्र आपल्या हातात असले, तरी ते छापण्याचा हक्क सहसा लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो.

जुनीवही:
सर्वांचे आभार. करारातल्या मुदतीची कल्पना मुलीला सांगितली आणि त्या बऱ्याच निर्धास्त झाल्या. आईची पत्रे बाकीच्या कागदांसोबतच जातील, पण आईच्या बहिणी हयात असेपर्यंत ती बंद राहतील. हिशोबाचे पत्रक मात्र त्यांना चौकटीत लावायला हवे आहे. त्यासाठी स्कॅनची छापील प्रत द्यायचे ठरले आहे.